एकट्या खैऱ्याची चाल

वर्षाली रागावली की आधी गप्प होते. ही गोष्ट आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती ओरडत असेल तोवर चिंता नसावी. पण बोलता बोलता थांबली, ओढणीचं टोक कमरेला खोचलं आणि नाकानं एक लांब श्वास आत घेतला, की समोरच्यानं आपल्या चपला कुठे आहेत ते बघून ठेवावं. तिच्या बापाचं, म्हणजे रूपरावचं, उलटं आहे. तो आधी भडकतो आणि कारण मागून शोधतो. आई आनंदाबाई तोंडानं रागावतच नाही, भांड्यांनी रागावते. फोडणी वरणाला बसली की नवऱ्याला, हे शेजारपाजारचे आवाजावरून ओळखतात. अशा या घरात एकच जीव शांत स्वभावाचा, आणि तो गोठ्यात बांधलेला असतो. खैऱ्या बैल.

खैऱ्याचा जोडीदार बांड्या. जरा बसका, पण कामाला वाघ. खैऱ्या जुवाला कायम डाव्या अंगानं आणि बांड्या उजव्या. वासरं होती तेव्हापासूनची ही वाटणी, ती कधी बदलली नाही. या उन्हाळ्यात बांड्याला साप चावला आणि जोडी मोडली. आता एका बैलाला ना वखर ओढता येत, ना बंडी. लोकांनी रूपरावला सल्ले दिले, रूपरावनं लोकांना शिव्या दिल्या. “इकून टाका ना जवाई, ट्रॅक्टर सांगा,” असं म्हणणाऱ्या सख्ख्या साळ्याला, कैलासला, त्यानं अंगणातूनच परत पाठवलं. चहा देऊन पाठवलं असं रूपराव सांगतो. आनंदाबाई म्हणते, पाणीसुद्धा नाही.

तर या घरातली ही पोरगी. समुद्रपूरच्या बसनं हिंगणघाटला जाऊन बी.एस्सी. झाली, आणि मग मास्तरीण व्हायचं सोडून ॲनिमेशन शिकायला लागली. मोबाईलच्या दुकानावरच्या माळ्यावर धनंजय सरांचा क्लास. सरांच्या शर्टाला कडक इस्त्री आणि बोलण्याला त्याहून कडक. हे शिक्षण म्हणजे चित्रं हलवायचं, एवढंच रूपरावला समजलं होतं आणि तेवढं त्याला भडकायला पुरेसं होतं.

“उंदरं-मांजरं नाचवाले बी.एस्सी. केलं व्हय तुनं?”

“बाबा, तुम्ही पायलं तरी काय, मी काय करून राह्यली ते?”

“दाखव ना मंग! आजपावतर दाखवलं काय? नुस्तं बस अन् कंप्युटर, कंप्युटर अन् बस!”

मध्ये कैलासमामानं एक स्थळ आणलं. घाबरू नका, लग्नाचं नाही. हिंगणघाटच्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेबलावर बसून नावं लिहून घ्यायची नोकरी. रूपराव साळ्याला शिव्या देतो, पण साळ्यानं आणलेली नोकरी त्याला पटली. त्यानं पोरीला निकाल सांगून टाकला. “पोळ्यापर्यंत काय दाखवाचं ते दाखव. मले पटलं त तुह्या मर्जीनं कर. नाई पटलं, त पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या लॅबच्या टेबलावर बसाचं. मंग रडाचं नाई.”

“मी कधी रडली?” वर्षाली म्हणाली. हे मात्र खरं आहे. तिला रडताना कुणी पाहिलेलं नाही. तिनं रडवलेली माणसं पुष्कळांनी पाहिलीत.

आता धनंजय सर शिकवायचे ते असं. कंप्युटरमध्ये चालणारा माणूस तयारच असतो. त्याला मिशी लावा, टोपी घाला, बटण दाबा, चालला. पळणारा तयार, नाचणारा तयार, हात हलवणारा तयार. पोरं खूश होती. वर्षालीला मात्र काहीतरी डाचायचं आणि काय डाचतं ते सांगता येत नसे, म्हणून ती सगळ्यांवर चिडायची. तिच्या शेजारी बसणारी अपेक्षा नावाची मुलगी जागा बदलून पंख्याखाली गेली, ती उकाड्यामुळे नव्हे.

मग क्लासचा सर्टिफिकेटांचा समारंभ झाला. सरांनी पाहुणी म्हणून पवनारच्या इंदिराबाईंना बोलावलं. सरांना एवढंच कळलं होतं की या बाईंनी मुंबईला कार्टूनमध्ये काम केलंय. बाईंच्या स्वभावाची चौकशी करायची राहून गेली. इंदिराबाईंनी उभं आयुष्य एका स्टुडिओत, शाळेत दाखवायच्या शैक्षणिक पटांसाठी हातानं चित्रं काढली. त्यातही मधली चित्रं. म्हणजे मोठा चित्रकार वर केलेला हात काढणार आणि खाली आलेला हात काढणार. मधला सगळा हात इंदिराबाईंनी आणायचा. पडद्यावर नाव मोठ्या चित्रकाराचं. निवृत्त झाल्यावर त्या धाम नदीकाठी भावाच्या वाट्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या आणि पवनारच्या सगळ्या भाजीवाल्यांशी त्यांचं भांडून झालं होतं.

समारंभात पोरांची कामं दाखवली. वर्षालीचा चेंडू होता. वरून खाली पडतो, उसळतो, पुन्हा पडतो. टाळ्या वाजल्या. इंदिराबाईंनी माईक ओढून घेतला.

“हा चेंडू कशाचा आहे गं?”

“रबराचा,” वर्षाली म्हणाली.

“मग जमिनीला लागल्यावर दबत का नाही? खाली येताना ताणत का नाही? वर गेल्यावर एक क्षण रेंगाळत का नाही? याला वजनच नाही. हा पडतच नाहीये बाई. याला कुणीतरी चिमटीत धरून वरून खाली नेऊन ठेवतंय.”

धनंजय सर हसले, म्हणजे त्यांचे दात दिसले. आणि वर्षाली गप्प झाली. ओढणी खोचली गेली. श्वास आत गेला. पंख्याखालच्या अपेक्षानं पाय वर घेतले.

“मंग तुम्ही करून दाखवा,” वर्षाली म्हणाली.

“रविवारी ये पवनारला,” इंदिराबाई म्हणाल्या. “येताना कंप्युटर आणू नकोस.”

दर रविवारी ही बया बस बदलत पवनारला जायला लागली. बाईंच्या ओसरीवर रद्दी कागदांची चळत आणि शिसपेन्सिली. पहिल्यांदा चेंडूच. रबराचा, मग लोखंडाचा, मग पाणी भरलेल्या फुग्याचा. प्रत्येक चित्र हातानं काढायचं, चळत बोटानं फडफडवायची आणि बाईंनी ती अंगणात फेकून द्यायची. वर्षाली ती गोळा करून आणायची आणि भांडायची.

“बाई, हे कंप्युटर आपोआप करते! मी सुरुवात अन् शेवट सांगतला का मधलं सारं भरते तो!”

“आणि मी काय केलं जन्मभर?” इंदिराबाईंचं मुंबईचं मराठी रागात गळून पडायचं आणि खालून पवनार निघायचं. “मीबी मधलंच भरलं ना व! पण मले डोये व्हते. तुह्या त्या डब्याले डोये हायेत काय? कुठं हळू जाचं, कुठं थांबाचं, कुठं झपकन पडाचं, त्याले कोन सांगन? तूच सांगशीन ना? मंग तुले आधी दिसू दे!”

शेजाऱ्यांना वाटायचं, सासू-सून आहेत आणि वाटणीचं भांडण चाललंय. एकीनं तर मध्यस्थीला यायची तयारी दाखवली. दोघींनी मिळून तिला हाकललं, आणि त्या दिवसापासून दोघींचं थोडं जमलं.

चेंडू झाल्यावर कट्टा, म्हणजे पोतं. तुरीचा अर्धा भरलेला कट्टा, न हात, न पाय, न तोंड. बाई म्हणाल्या, याला राग आलेला दाखव. वर्षालीनं कट्टा उड्या मारताना काढला, जमिनीवर आपटताना काढला, कोपरे हवेत फेकताना काढला. बाईंनी चळत फडफडवली आणि म्हणाल्या, “याला राग नाही आला. याला मुंग्या चावल्यात.”

वर्षालीनं पेन्सिल ठेवली. ओढणी खोचली. श्वास आत घेतला. आणि चळत उभी फाडली.

“थांब!” इंदिराबाई खुर्चीतून उठल्या. “आत्ता काय केलंस?”

“फाडली. काऊन, तुमची व्हती का?”

“फाडायच्या आधी?”

“आधी काई नाई केलं.”

“तेच! काही नाही केलंस. सगळं आत ओढून घेतलंस, थांबलीस, आणि मग फाडलंस. राग उडीत नसतो गं, उडीच्या आधी असतो. प्रत्येक हालचाल तशीच. उडी मारायची तर माणूस आधी खाली बसतो, दगड मारायचा तर हात आधी मागे जातो. पाहणाऱ्याला ते मागं जाणं दाखवलं नाहीस, तर दगड लागला तरी त्याला कळणार नाही. काढ आता.”

पुढच्या रविवारी कट्टा तयार होता, आणि या वेळी तो कंप्युटरात होता, बाईंच्या परवानगीनं. सैल पडलेला कट्टा हळूहळू पोट आत ओढतो, कोपरे खाली दाबतो, तसाच राहतो. उडी मारतच नाही. सावकाश पाठ फिरवतो. इंदिराबाईंनी तो पाहिला, उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. त्या घरी यालाच शाबासकी समजावं.

याच सुमारास धनंजय सरांना काम मिळालं. हिंगणघाटच्या एका पशुखाद्याच्या दुकानदाराची सासुरवाडी आमचं गाव. जावईबापूंना पोळ्याच्या दिवशी आमच्या मैदानावर एलईडीचा मोठा पडदा लावून आपल्या दुकानाच्या शुभेच्छा झळकवायच्या होत्या, आणि शुभेच्छांत एक चालता बैल हवा होता. सरांनी ते काम वर्षालीवर टाकलं. तिला तर आभाळच मिळालं. पोळ्याचाच दिवस, गावचंच मैदान, बाप समोर. जे दाखवायचं ते एवढ्या मोठ्या पडद्यावर. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी लॅबचं टेबल.

आणि बैल दुसरा कुठला असणार? मोबाईल घेऊन ती खैऱ्याच्या मागे शेतावर जायच्या पांदणीनं फिरायला लागली. रूपराव गोठ्यातून ओरडायचा.

“तो काय नवरदेव हाय का, त्याचा व्हिडिओ काढून राह्यली? जितरब दारात उभं हाय, त्याले पान्याले न्याचं सोडून डब्यात बैल काऊन पायतं तू?”

“तुम्ही रोज पायता ना, मंग सांगा, तो चालते कसा?”

“पायानं!”

हे असं. पण बापानं रोज पाहून जे सांगितलं नाही ते पोरीला दिसायला लागलं. पाय टेकला की खांद्यावर वजन येतं, मग वशिंड एका बाजूला कलतं, गळ्याखालची पोळी त्याच्याही मागून हलते, आणि शेपटी सगळ्यांच्या शेवटी, घरात सगळ्यांत उशिरा कळणाऱ्या माणसासारखी. काहीच सरळ रेषेत जात नाही, नाक हवेत गोल वळणं काढत जातं. हे सगळं इंदिराबाईंनी सांगितलंच होतं. पण एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. खैऱ्या वाकडा चालायचा. आधी तिला वाटलं, पांदण उताराची आहे. तिनं त्याला उलट्या दिशेनं आणलं. तरी तसाच. चाकोरीच्या डाव्या कडेनं चालायचं, उजवीकडे एका बैलाची जागा मोकळी सोडायची, मान उजवीकडे कललेली. आणि उजवा मागचा पाय उचलताना दर वेळी जरासा अडायचा. लंगडणं नव्हे. उचलू की नको, असं.

तिनं ते सगळं तसंच उतरवलं. इंदिराबाईंना दाखवलं. बाईंनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, “हा कुणाची वाट पाहतोय?”

वर्षाली म्हणे त्या दिवशी पवनारहून बसमध्ये कंडक्टरशीसुद्धा गोड बोलली. कंडक्टरनंच सांगितलं, म्हणून विश्वास ठेवायचा.

धनंजय सरांनी मात्र पाहिलं आणि भुवई वर केली. “मॅडम, हा लंगडतोय.”

“तो तसाच चालते सर.”

“आणि एकटाच? पोळ्याला जोडी पाहिजे. शुभेच्छा आहेत, शोकसभा नाही. ठीक आहे, थोडं फिनिशिंग करतो मी.”

फिनिशिंग म्हणजे कडा पुसणार, रंग बसवणार, असं तिला वाटलं. मला विचाराल तर इस्त्रीवाल्या माणसाच्या हाती चुण्या पडलेली वस्तू द्यावीच कशाला? पण मला कोणी विचारलं नाही.

पोळ्याचा दिवस उजाडला. दुपार कलली तशा जोड्या मैदानावर यायला लागल्या. शिंगांना बेगडं, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली सगळ्यांत पुढे अण्णाजींची जोडी, कारण तोरण तोडायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांची जोडी तोरण तोडून पुढे गेली की पोळा फुटला. तोवर कुणी हलायचं नाही. मध्ये झडत्या. झडत्या म्हणजे एकमेकांना टोमणे मारायच्या कवनांची आमची खास सोय. वर्षभर साठवलेलं त्या दिवशी यमकात काढता येतं आणि कुणाला चिडायची मुभा नाही. आमच्याकडे हा माईक तानबाच्या ताब्यात असतो. तानबाला दात नाहीत, पण चावतो.

रूपराव आला, पण खैऱ्याशिवाय. एकटा बैल तोरणाखाली उभा करायचा म्हणजे लोकांची कीव विकत घ्यायची, आणि त्याला फुकटचीसुद्धा नको होती. हात मागे बांधून तो पडद्यासमोर उभा राहिला. सगळ्या गावाला ठाऊक होतं की आज या बाप-लेकीचा निकाल आहे. त्यामुळे गर्दी जोड्यांपेक्षा पडद्याकडे जास्त होती.

पडदा उजळला. दुकानाचं नाव आलं. मग बैल आले.

बैल नव्हे, जोडी. धनंजय सरांनी खैऱ्या सरळ केला होता. अडणारा पाय सारखा करून टाकला होता, मान समोर आणली होती. मग त्याचीच नक्कल काढून आरशातल्यासारखी उलटी करून शेजारी लावली होती. एका बैलाची जोडी! इकडच्याचा आतला पाय उचलला की तिकडच्याचाही आतलाच. दोघांचे कान एका वेळी, शेपट्या एका वेळी, माना एका वेळी. खुरांखाली माती दबत नव्हती. तेलावरून घसरल्यासारखे दोघं गुळगुळीत पुढे सरकत होते. आणि खाली ठळक अक्षरांत : निर्मिती आणि ॲनिमेशन, धनंजय सर.

तानबानं क्षणभरही वाट पाहिली नाही.

“खूर टेकना भुईले, पाय मोजून टाके,
हे बैल का लाकडाचे, लावा खाली चाके!
वैरन नको, पानी नको, नको यायले गोठा,
बैल दिसे फुग्यावानी, दुकानदार मोठा!”

मैदान फुटलं हसून. बैल सोडून सगळे हसले. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरं चाकांचे लाकडी नंदी दोरीनं ओढत दारोदार जातात. “सर, एक दिवस आधी आले बाप्पा तुमचे बैल!” कुणीतरी ओरडलं.

रूपराव हसला नाही. तो वळला.

“हे पायाले बोलावलं मले? उद्यापासून लॅब.”

“बाबा, हे माहं नाई—”

“मंग तुहं कुठं हाय?” असं म्हणून तो गर्दीतून चालायला लागला.

वर्षाली गप्प झाली. ज्यांनी पाहिलं ते सांगतात की आजूबाजूच्या पाच-पंचवीस माणसांनी एकदम खाली पाहून चपला शोधल्या. ओढणी खोचली गेली. श्वास आत गेला. सगळ्यांना वाटलं, आता ही धनंजयवर जाणार. धनंजयलाही वाटलं, तो लॅपटॉप छातीशी धरून उभा राहिला. पण ती त्याच्याकडे गेलीच नाही. ती तडक तोरणाखाली गेली, अण्णाजींच्या बैलांच्या तोंडासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तोरणाची दोरी धरली.

“माहा बैल दाखवल्याबिगर पोळा फुटनार नाई.”

आता हे आमच्या गावात कधी घडलेलं नाही. बाया त्या दिवशी बाजूला उभ्या राहतात, तोरणाला हात तर सोडाच. गलका उठला. अण्णाजी लाल झाले.

“पोरी, सोड! माह्या आज्यापासून मान हाय तो!”

“मान तुमचाच हाय अण्णाजी, मी कुठं नेऊन राह्यली? बैल मातर माहा हाय. त्यानं तो मोडला, त्याचं इस्त्री केलेलं भूत केलं, अन् वरतून आपलं नाव टाकलं. खरा माह्या गळ्यात हाय.” आणि तिनं गळ्यातल्या दोरीला बांधलेला पेन ड्राइव्ह वर काढून दाखवला, काही बाया काळी पोत दाखवतात तसा.

धनंजय सर पुढे आले. “मॅडम, प्लीज तमाशा करू नका. त्यात काही नाही, एक लंगडा बैल आहे.”

“लंगडा कोनाले म्हनता सर? तुमच्या पोरायच्या चेंडूले वजन नाई, मानसाले वजन नाई, तुमच्या शब्दालेबी वजन नाई! मी त्याच्या मागं दिवसदिवस पांदन तुडवली, तुम्ही एक बटन दाबलं!”

इकडे अण्णाजींचे बैल बिथरायला लागले. मागच्या जोड्या पुढच्यांवर चढायला लागल्या. बैल धरून उभ्या धुरकऱ्यांच्या शिव्यांना यमक उरलं नाही. अण्णाजींनी कासरा हाताला गुंडाळला, पोरीकडे पाहिलं, ती हलणार नाही हे ओळखलं, आणि सगळा राग एकदम सरांवर वळवला.

“अबे, दाखव ना बे तिचा बैल! माहे बैल का उद्या सकाळपावतर उभे ठेवतं? लाव म्हनतो ना!”

अण्णाजी म्हणाले म्हणजे लावलं. धनंजय सरांच्या हातून पेन ड्राइव्ह दोनदा उलटा बसला. नक्कल उलटी करायची सवय, दुसरं काय.

दिवस मावळत आला होता, त्यामुळे पडदा आता चांगला उठून दिसत होता. एकटा बैल आला, तिरका पाठमोरा. पडद्याच्या डाव्या कडेनं. पाय पडला की अंग त्यावर उतरायचं, वशिंड कलायचं, पोळी मागून झुलायची. उजवीकडे अर्धा पडदा रिकामा. मान त्या रिकाम्या जागेकडे. उजवा मागचा पाय उचलताना अडला, मग उचलला. पुन्हा अडला.

कुणी हसलं नाही. तानबा माईक तोंडाशी धरून उभा होता, त्याला यमक सुचेना. शेवटी त्याच्या तोंडून एवढंच निघालं, आणि ते भोंग्यातून अख्ख्या गावानं ऐकलं :

“अबे... हा त रूपरावचा खैऱ्या हाय.”

रूपराव पानठेल्यापर्यंत पोचला होता. नाव ऐकून वळला. तिथूनच त्यानं पडद्याकडे पाहिलं. बैल दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. मग रूपराव गर्दी कापत परत आला. लोकांनी वाट दिली. बायांनी पदर डोळ्यांशी नेऊन तयारी केली, की आता बाप पोरीला जवळ घेणार.

“मान चुकली!” रूपराव पोरीवर ओरडला.

“काय?”

“मान! मान खाली पाह्यजे अजून! बांड्या बसका व्हता ना व! जू उतरतं राहे त्याच्याकडं. खैऱ्या जलमभर मान झुकवून चालला त्याच्यासाठी. अजूनबी झुकवते. इतकी वर कशी केली तुनं?”

वर्षालीनं दोरी सोडली. “मंग आधी काऊन नाई सांगतलं?”

“तुनं इचारलं कुठं?”

“इचारलं! चालते कसा म्हनून इचारलं, त तुम्ही म्हनले पायानं!”

“अन् तो मांगचा पाय काऊन अडते? तो नाई अडत!”

“अडते!”

“माहा बैल हाय, मले म्हाईत नाई?”

“तुम्ही त्याच्या पुढं चालता बाबा, कासरा धरून. मी मांगून चालली. अडते!”

“नाई अडत म्हनतो ना!”

दोरी सुटलेली पाहून अण्णाजींनी वेळ दवडला नाही, बैल हाकलले, तोरण तुटलं, पोळा फुटला. जोड्या उधळल्या, धूळ उठली, आणि त्या धुळीत हे दोघं भांडतच होते. शेवटी रूपराव म्हणाला, “थांब इथंच. आनतो त्याले. पाय तुह्या डोयानं,” आणि घराकडे पळत सुटला.

घरी खैऱ्या तयार उभा होता. आनंदाबाईनं नवऱ्याला न विचारता सकाळीच त्याची शिंगं रंगवली होती, झूल घातली होती, आणि नवरा आत येऊ नये म्हणून दिवसभर गोठ्याच्या तोंडाशी भांडी घासत बसली होती. रूपरावला चिडायलाही सवड नव्हती. त्यानं कासरा सोडला आणि बैल मैदानावर आणला.

फुटलेल्या पोळ्याच्या रिकाम्या मैदानातून खैऱ्या एकटा चालला. त्याच्या शिंगांचा रंग कुणी पाहिला नाही, झूल कुणी पाहिली नाही. सगळं गाव, अण्णाजींसकट, वाकून त्याचा उजवा मागचा पाय पाहत होतं. आणि मान, ती खरंच खाली होती, पडद्यावरच्यापेक्षा बरीच खाली.

पाय अडला.

“पाह्यलं?” वर्षाली ओरडली.

“इथं माती वली हाय म्हनून!”

“मंग पांदनीत कोरडी व्हती!”

“तुले काय समजते व बैलातलं?”

“तुम्हाले काय समजते चित्रातलं?”

धनंजय सर तोवर पडदेवाल्याच्या गाडीत बसून हिंगणघाटच्या वाटेला लागले होते. इंदिराबाईंना वर्षालीनं तिथूनच फोन लावला आणि मानेचं सांगितलं. फोनवरचं मी ऐकलं नाही, पण बाईंचा आवाज पवनारहून तसाही फोनशिवाय पोचला असता : “मग काय, चुकलीस! पुन्हा काढ सगळं!”

दुसऱ्या दिवशी चाकांचे नंदी गल्लीतून फिरत असताना कैलासमामा आला. लॅबचं टेबल मोकळं आहे, पोरीला घेऊन जातो, म्हणाला. रूपराव अंगणातच आडवा आला.

“नाई जमत तिले. मान दुरुस्त करून राह्यली ती.”

“कोनाची मान?”

“तुले काय करा लागते? अन् तू काऊन उभा हायस? चाल, चाल गोठ्यात, तुले दाखवतो. तूच सांग, पाय अडते का नाई अडत.”

आतून वर्षालीचा आवाज आला, “अडते!” आणि स्वयंपाकघरात एक भांडं आपटलं. शेजारच्यांचं म्हणणं, तो आवाज चहाच्या भांड्याचा होता.